इंग्लंडमधल्या अलॉटमेंटचा पहिला हिवाळा: काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही

निफाड तालुक्यात वाढलेल्या माणसाला थंडी म्हणजे हातघाईचे दिवस. गहू, हरभरा, कांद्याची लागण, आणि पारा फारच उतरला तर द्राक्षबागेत पहाटे पेटवलेल्या शेकोट्या. त्यामुळे इथे इंग्लंडच्या मध्य भागात, मिडलंड्समध्ये, नोव्हेंबरात अलॉटमेंटची (भाजीपाला पिकवायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा, म्हणजे प्लॉट) किल्ली हातात पडली, तेव्हा पहिल्याच शनिवारी मी मेथी आणि पालक पेरून मोकळी झाले. बी मातीतच कुजलं. त्याच आठवड्यात हौसेने ओली माती खणून ठेवली. तिची ढेकळं मे महिन्यापर्यंत फुटली नाहीत.

त्यानंतर चार हिवाळे काढले. आता दरवर्षी कुणीतरी मराठी माणूस विचारतो की प्लॉट मिळालाय, आता काय पेरू? म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा: इथला हिवाळा रब्बीचा नाही. डिसेंबरात दिवस जेमतेम साडेसात-पावणेआठ तासांचा असतो. मातीचं तापमान ५-६ अंशांच्या खाली गेलं की बहुतेक पिकांची वाढ थांबते. हे महिने छाटणीचे, डागडुजीचे आणि मातीवर पांघरूण घालण्याचे आहेत. पेरणी फक्त दोन पिकांची, ती पुढे सांगते.

१. कागदपत्रं नीट वाचा

प्लॉट कौन्सिलचा असो की स्थानिक अलॉटमेंट संघटनेचा, साधारणपणे एवढं लागतं:

- पत्त्याचा पुरावा (कौन्सिल टॅक्सचं बिल सर्वांत सोपं)
- सही केलेला भाडेकरार
- वर्षाच्या भाड्याची पावती, आणि सवलत लागू असेल तर तिचा पुरावा
- फाटकाच्या किल्लीची अनामत
- साइटची नियमावली

पत्रात क्षेत्रफळ 'रॉड', 'पोल' किंवा 'पर्च' असं लिहिलेलं असेल. तिन्ही एकच. १० रॉड म्हणजे पूर्ण प्लॉट, साधारण २५० चौरस मीटर, आपल्या हिशेबात अडीच गुंठे. गावाकडे अडीच गुंठ्यांना कुणी शेत म्हणत नाही, पण नोकरी सांभाळून, एकट्याने आणि हाताने करायचं तर ते पुष्कळ होतं. अर्धा प्लॉट मिळत असेल तर अर्धाच घ्या.

नियमावलीत तीन गोष्टी शोधा. शेकोटी चालते का आणि कुठल्या महिन्यांत, फळझाडं लावता येतात का, आणि प्लॉटचा किती भाग किती दिवसांत लागवडीखाली आणायचा. प्लॉट पडीक दिसला की नोटीस येते. हिवाळ्यात वाफे झाकून ठेवले असतील तर तसं साइट सेक्रेटरीला आधीच कळवून ठेवा. आणखी एक: १९२२ च्या कायद्यात अलॉटमेंट गार्डनची व्याख्याच अशी आहे की पीक मुख्यतः स्वतःच्या आणि कुटुंबाच्या खाण्यासाठी घ्यायचं. जास्तीची मेथी मंडळात वाटा, तिचा धंदा करू नका.

२. पहिले दोन आठवडे नुसतं बघा

हे सगळ्यांत अवघड जातं, पण करा. हिवाळ्यात इथली कितीतरी झाडं मेलेली दिसतात आणि ती जिवंत असतात. माझ्या प्लॉटच्या कोपऱ्यात काळपट, कुजकट गड्डा होता. मी त्याला कुदळ लावणार तोच शेजारच्या प्लॉटवरचे गृहस्थ, वय ऐंशीच्या पुढचं, काठी टेकत आले आणि म्हणाले, 'थांब, तो ऱ्हुबार्ब आहे, माझ्या डोळ्यांदेखत वीस वर्षांपूर्वी लावलेला.' ऱ्हुबार्ब म्हणजे आंबट दांड्यांसाठी लावलेली, वर्षानुवर्षं टिकणारी भाजी. त्यांनी बोटाने पाचोळा बाजूला केला तर खाली अंगठ्याएवढा गुलाबी फुगीर कोंब. तेव्हापासून मी हिवाळ्यात कुठलंही खोड शेजाऱ्याला विचारल्याशिवाय काढत नाही.

कागदावर नकाशा काढा: ऊन दुपारी कुठे असतं, पाणी कुठे तुंबतं, काय काय उभं आहे. जुन्या प्लॉटवर मातीत काचा, खिळे, तारा हमखास सापडतात. धनुर्वाताची लस घेतलेली असू द्या आणि हातमोजे जाड घ्या. जुन्या शेडचे करड्या रंगाचे नालीदार पत्रे पडलेले दिसले तर ते ॲसबेस्टॉसचे असू शकतात. तोडू नका, उचलू नका. फोटो काढून सेक्रेटरीला पाठवा.

३. वाफसा नसेल तर मातीवर पाय ठेवू नका

सगळ्या लेखातलं एवढंच एक पाळलंत तरी अर्धं काम झालं.

वाफसा (माती फार ओली नाही, फार कोरडी नाही, मशागतीजोगी असणं) हा शब्द आपल्याला घरी शिकवावा लागत नाही, पण इथे आल्यावर आपण तो विसरतो. मिडलंड्समध्ये आणि लंडनच्या बऱ्याच भागांत जमीन चिकणमातीची आहे. ऑक्टोबरनंतर ती भिजते आणि ऊन नसल्यामुळे फेब्रुवारी-मार्चपर्यंत नीट सुकत नाही. अशा मातीवर तुम्ही उभे राहिलात की तिच्यातली हवेची पोकळी दाबली जाते. मग तिथे पाणी साचतं, मुळं गुदमरतात आणि वसंतात ती विटेसारखी कडक होते.

परीक्षा गावाकडचीच. एक वीत खोलवरची मूठभर माती घ्या, घट्ट दाबा आणि अंगठ्याने टोचा. भुसभुशीत होऊन सुटली तर वाफसा आहे. लाडवासारखी राहिली आणि बोटाला तुकतुकीत लेप आला तर फावडं शेडमध्ये ठेवून घरी जा. वाफ्यात जायचंच असेल तर लांब लाकडी फळी टाका आणि तिच्यावर उभं राहून काम करा.

ज्यांना खणायचंच आहे त्यांनी ऑक्टोबरच्या अखेरीस, माती अजून कोरडसर असताना, मोठाली ढेकळं उलटी करून तशीच सोडावीत. फोडू नयेत. आपल्याकडे उन्हाळी नांगरटीनंतर ढेकळं तापतात आणि पहिल्या पावसात विरघळतात ना, ते काम इथे फ्रॉस्ट करतो. ढेकळातलं पाणी गोठतं, फुगतं, परत वितळतं, आणि चिकणमाती आपोआप मोकळी होते. ही वेळ चुकली तर त्या वर्षी खणूच नका.

मी आता खणतच नाही. गादीवाफे केलेत. जमिनीवर छपाई कमी असलेला, चिकटपट्टी काढलेला जाड पुठ्ठा एकावर एक चढवून अंथरायचा, पाण्याने भिजवायचा आणि वर १० सेंटीमीटर कंपोस्टचा थर द्यायचा. हिशेब सोपा आहे: १० चौरस मीटरला १००० लिटर, म्हणजे ५० लिटरच्या २० पिशव्या. विकत घ्यायला हे महाग पडतं. म्हणून पहिल्या वर्षी दोनच वाफे करा आणि बाकीचा प्लॉट झाकून ठेवा.

४. तण: रोटाव्हेटर भाड्याने आणू नका

नवीन माणसाला हा मोह होतोच. एका दिवसात सगळा प्लॉट काळाभोर, साफ दिसतो. पण इथली खरी तणं तीन: काउच ग्रास (आपल्या हरळीची सख्खी बहीण), बाइंडवीड आणि हॉर्सटेल. तिघांची मुळं जमिनीखालून धावतात आणि मुळाच्या प्रत्येक तुकड्यातून नवीन रोप येतं. रोटाव्हेटर एका मुळाचे शंभर तुकडे करतो. हिवाळ्यात वाढ थांबलेली असते, त्यामुळे तणनाशकही काम करत नाही.

मग करायचं काय? जाड काळं, पाणी झिरपू देणारं कापड अंथरा आणि कडा विटांनी दाबा. नुसती पातळ ताडपत्री वाऱ्याने उडून तिसऱ्या प्लॉटवर जाते. जुने गालिचे कुणी फुकट देत असेल तरी नको. त्यातले धागे वर्षानुवर्षं मातीत राहतात आणि बहुतेक साइट्सवर त्यांना बंदी असते. काउच ग्रास हिवाळ्यात झाकलं की वसंतात काढायला सोपं जातं. बाइंडवीडला दोन-तीन वर्षं द्यावी लागतात. हॉर्सटेल पूर्ण जातच नाही, त्याच्यासोबत जगायला शिकावं लागतं.

५. शेणखत: फुकट मिळतंय म्हणून ओतू नका

इथे गाईचं शेणखत कमी आणि घोड्याची लीद जास्त मिळते. तबेलेवाले बहुतेक वेळा फुकट देतात. पण एक मोठा धोका आहे. कुरणातली रुंद पानांची तणं मारायला ॲमिनोपायरॅलिड नावाचं तणनाशक वापरतात. घोडा ते गवत खातो, औषध त्याच्या पोटातून तसंच बाहेर पडतं आणि लीद कुजली तरी बराच काळ टिकून राहतं. असं खत घातलं की टोमॅटो, बटाटा, सगळ्या शेंगा यांची पानं वाटीसारखी मुडपतात, नेच्यासारखी बारीक होतात आणि पीक हातचं जातं. दुसऱ्या वर्षी माझ्या दोन वाफ्यांत नेमकं हेच झालं. देणाऱ्याला स्वतःलाही कल्पना नव्हती. त्याने गवत बाहेरून विकत घेतलं होतं.

म्हणून आधी कुंडीत परीक्षा घ्या. एका कुंडीत खत आणि साधं कंपोस्ट निम्मं-निम्मं, दुसऱ्या कुंडीत नुसतं कंपोस्ट. दोन्हींत ब्रॉड बीनच्या (पावट्यासारखी शेंग, पुढे सांगते) तीन-तीन बिया लावून घरात उजेडात ठेवा. तीन-चार आठवड्यांत दोन्हींची पानं सारखी, सरळ आली तर खत चांगलं. फरक दिसला तर ते परत करा. ही परीक्षा डिसेंबरात घेतली तर खत फेब्रुवारीत घालायला वेळ उरतो.

कोबीवर्गीय पिकांसाठी चुना घालायचा असेल तर खताबरोबर घालू नका. दोन्ही एकत्र आले की नत्र अमोनिया होऊन उडून जातं. मध्ये काही आठवडे जाऊ द्या. आणि शेजाऱ्यांना विचारा की साइटवर क्लबरूट (कोबीवर्गीय पिकांची मुळं सुजवणारा, मातीतून पसरणारा रोग) आहे का. असेल तर दुसऱ्यांच्या प्लॉटवरची कोबीची रोपं किंवा बुटांना लागलेली माती आपल्या वाफ्यात आणू नका.

६. दोन पिकं जी आत्ताच लावायची

लसूण. ऑक्टोबर ते डिसेंबर. लसणाला गड्डा भरून पाकळ्या सुटायला थंडीचे काही आठवडे लागतातच. वसंतात उशिरा लावला तर कांद्यासारखा एकच गोळा येतो. पाकळ्या सोलू नका, फक्त सुट्या करा. बुडाची सपाट बाजू खाली, टोक मातीखाली २-३ सेंटीमीटर, दोन पाकळ्यांत १५ आणि दोन ओळींत ३० सेंटीमीटर अंतर. पाणी तुंबणाऱ्या जागी अजिबात नको, गादीवाफाच बरा. पहिले काही दिवस पक्षी पाकळ्या उपटून टाकतात, वर जाळी टाका.

किराणा दुकानातला लसूण लावू नका. तो बहुधा गरम देशातून आलेला असतो, इथल्या थंडीत नीट येईलच असं नाही, आणि त्याच्यासोबत व्हाइट रॉट ही बुरशी आली तर ती वर्षानुवर्षं मातीतून जात नाही. बियाण्याचा प्रमाणित लसूण घ्या. 'सॉलेंट वाइट' ही टिकाऊ जात आहे, आमच्याकडे पुढच्या वर्षीच्या संक्रांतीपर्यंत पुरते.

ब्रॉड बीन. पावट्याची मोठी, गुबगुबीत बहीण समजा. हिवाळा काढणारी जात घ्या, 'ॲक्वाडल्स क्लॉडिया' जुनी आणि भरवशाची. ऑक्टोबरच्या अखेरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ५ सेंटीमीटर खोल, २० सेंटीमीटर अंतरावर पेरा. उंदीर बिया उकरून खातात. तसा त्रास असेल तर टॉयलेट रोलच्या नळकांड्यांत घरीच रोपं करा आणि नळकांड्यासकट लावा. मेच्या अखेरीला कोवळ्या शेंगा येतात. गोडा मसाला, चिंच-गूळ आणि ओलं खोबरं घातलेली उसळ पावट्याच्या जवळ जाते. एक सूचना मनापासून: घरात कुणाला जी-६-पी-डी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल तर हे पीक घेऊ नका. त्या माणसाला ब्रॉड बीनने गंभीर त्रास होतो.

७. छाटणी

सफरचंद आणि पेअर: पानं गळल्यानंतर, नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत. आधी वाळलेल्या, मग रोगट, मग एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. मधोमध इतकी मोकळी जागा हवी की पक्षी आरपार उडून जाईल. एका हिवाळ्यात झाडाचा पाचवा हिस्सा, फार तर चौथा. जास्त कापलंत तर उन्हाळ्यात नुसते उभे, निष्फळ फुटवे फुटतात.

प्लम आणि चेरी: हिवाळ्यात कात्री लावायचीच नाही. ओल्या थंडीत कापलेल्या जखमेतून सिल्व्हर लीफ बुरशी शिरते. ती छाटणी उन्हाळ्यातली.

द्राक्षाबद्दल नाशिककडच्या मंडळींसाठी दोन शब्द. आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, अशी वर्षातून दोनदा छाटतो. इथे वेल हिवाळाभर झोपतो आणि मुख्य छाटणी एकदाच, डिसेंबरात, फार तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. फेब्रुवारीच्या अखेरीस छाटाल तर रस चढू लागलेला असतो आणि कापातून दिवसेंदिवस पाणी गळत राहतं. सवयीने हात एप्रिलची वाट बघतो, त्याला आवरा.

रास्पबेरी दोन प्रकारची असते. शरद ऋतूत फळ देणारी फेब्रुवारीत जमिनीलगत सगळी कापायची. उन्हाळ्यात फळ देणाऱ्या जातीच्या ज्या काठ्यांना फळ येऊन गेलंय, तेवढ्याच काढायच्या. कुठली आहे ते माहीत नसेल तर पहिलं वर्ष कापू नका.

सिकेटर दर झाडानंतर पुसून घ्या. कुंपणाची हेजही फेब्रुवारीअखेर आटपा. मार्चपासून पक्षी घरटी करतात, आणि वापरातलं घरटं मोडणं १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. छाटलेला कचरा जाळायची परवानगी असेल, तर ढीग त्याच दिवशी दुसऱ्या जागी हलवून मगच पेटवा. जुन्या ढिगाखाली हेजहॉग (अंगावर काटे असलेले लहान प्राणी) हिवाळाभर झोपलेले असतात.

८. जे उभं आहे ते सांभाळा

प्लॉटवर आधीच्या माणसाचे लीक (कांद्याच्या कुळातलं), पार्सनिप (पांढऱ्या गाजरासारखं), केल (कोबीवर्गीय पालेभाजी) उभे असतील तर तुमचं नशीब. पार्सनिप फ्रॉस्ट पडून गेल्यावर जास्त गोड लागतं, घाईने काढू नका. जमीन गोठण्याच्या आदल्या दिवशी मात्र दोन-चार काढून ठेवा, नाहीतर फावडंच आत जात नाही. केलवर कबुतरांची धाड पडते. जाळी पानांना टेकणार नाही अशी, कमानीवर ताणून बांधा. टेकली तर ती वरून बसून खातात.

ऱ्हुबार्ब जुना आणि जोमदार असेल तर जानेवारीत त्यावर मोठी बादली पालथी घाला. अंधारात कोवळे, गुलाबी दांडे लवकर वर येतात. यॉर्कशरमध्ये वेकफिल्डच्या आसपास तर हे पीक अंधाऱ्या शेडमध्ये मेणबत्तीच्या उजेडात काढतात. पहिल्या वर्षाच्या रोपावर हा प्रयोग करू नका, त्याचा जोम जातो. पानं विषारी, दांडेच खायचे. गूळ, मोहरी, मेथीदाणे घालून त्याचा मेथांबा करा. कैरी मिळत नाही त्या महिन्यांत मला तो फार आधार वाटतो.

९. पाणी, शेड, अवजारं

बऱ्याच साइट्सवर नोव्हेंबर ते मार्च मुख्य पाणी बंद असतं, कारण नळ गोठून फुटतात. शेडच्या पन्हळीला पिंप जोडून घ्या. होज पाइप रिकामा करून गुंडाळा. महागडी अवजारं शेडमध्ये ठेवू नका, हिवाळ्यात साइट सुनसान असते आणि चोऱ्या होतात.

नव्या माणसाला एवढी अवजारं पुरेत: फावडं, काटेरी फोर्क, खुरपं, सिकेटर, छोटी करवत, ढकलगाडी. कार बूट सेलमध्ये (लोक गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारात) जुनी पोलादी अवजारं नव्यापेक्षा चांगली मिळतात. गंज तारेच्या ब्रशने काढा, धार लावा, लाकडी दांड्याला जवसाचं तेल चोळा.

१०. जानेवारीनंतरची खिडकीतली शेती

आता बाहेर जायची गरजच नाही. जानेवारीच्या अखेरीस बियाण्याचे बटाटे अंड्यांच्या खोक्यात, जास्त डोळ्यांची बाजू वर करून, थंड पण उजेडाच्या खोलीत मांडा. जाड, आखूड, दोनेक सेंटीमीटरचे कोंब आले की झालं. अंधारात ठेवलेत तर लांब, पांढरे, मोडके कोंब येतात. लवकरच्या जाती मार्चच्या अखेरीस लावायच्या.

मिरची फेब्रुवारीच्या सुरुवातीला पेरा. इथला उन्हाळा छोटा, आणि मिरचीला महिने लागतात. उगवायला २० ते २५ अंश ऊब हवी, म्हणून ट्रे रेडिएटरच्या जवळ, आणि उगवताक्षणी सर्वांत उजेडाच्या खिडकीत.

भारतातून येताना बॅगेत बियाणं घालून आणू नका. वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र, म्हणजे फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, नसेल तर लागवडीचं बी आणायला कायद्याने मनाई आहे. आईने पुडी बांधून दिलेली असते, नाही म्हणवत नाही, तरी नको. मेथी आणि कोथिंबिरीसाठी इथल्या भारतीय किराणा दुकानातले मेथीदाणे आणि अख्खे धणे चांगले उगवतात. धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा.

आणि मेथी बाहेर कधी पेरायची, हे सगळेच विचारतात. एप्रिलच्या मध्यानंतर, हाताला माती गार लागेनाशी झाली की. मेच्या मध्यापर्यंत रात्री फ्रॉस्ट येऊ शकतो, म्हणून फ्लीस, म्हणजे पिकावर पांघरायचं पातळ कापड, जवळ ठेवा. तोवर फेब्रुवारीपासून स्वयंपाकघराच्या खिडकीत, मशरूमच्या रिकाम्या ट्रेमध्ये दोन बोटं कंपोस्ट घालून दाटच पेरा. तीन आठवड्यांत समुद्रमेथीसारखी कोवळी जुडी निघते, एका वेळच्या भाजीपुरती.